मॅडम, एम.ए. कुठाय?

सकाळी सकाळी डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे. कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी फॉरवर्ड टाकला. रँग्लर परांजपे केंब्रिजला गणिताच्या परीक्षेत पहिले आले, तरी ७५ रुपयांवर फर्ग्युसनला शिकवायला परतले, आणि आजची पिढी बघा, गेली की तिकडचीच. खाली हात जोडलेले इमोजी. त्यावर काकांची स्वतःची फोडणी, "आपल्या आजूबाजूलाही उदाहरणं आहेत." हे उदाहरण म्हणजे आमची भाची, हे ग्रुपवरच्या शेंबड्या पोरालाही कळलं असेल.

तर काका, ऐका आता.

भाची २०१८ला केंब्रिजला गेली. विषय पुरातत्त्व, एक वर्षाचं एम.फिल. तिकडे पदवीनंतर जे एक वर्षाचं मास्टर्स करतात, त्याला बऱ्याच विषयांत एम.फिल.च म्हणतात. २०१९ला परत आली. स्वतःच्या पायांनी आली, कुणी ओढून आणली नव्हती. म्हणाली, तासिका तत्त्वावर का होईना, इथल्या पोरांना शिकवते. कॉलेजने सांगितलं, आधी पदवीच्या समकक्षतेचं बघा, म्हणजे तिकडची पदवी इथल्या पदवीच्या बरोबरीची आहे असा कागद आणा. त्या खिडकीवर मी सोबत गेलो होतो, म्हणून छातीठोक सांगतो. आतल्या गृहस्थांनी कागद उलटा केला, सुलटा केला, चष्मा कपाळावर ढकलला आणि विचारलं, "मॅडम, एम.फिल. दिसतंय. मग एम.ए. कुठाय?"

त्यांचंही अगदीच चूक नाही म्हणा. आपल्याकडे एम.ए.शिवाय एम.फिल. व्हायचंच नाही, आणि त्यांच्यापुढे जो जीआर असेल तोच त्यांचा देव. पण भाचीने सगळं समजावून सांगितलं, तिकडच्या विभागाचं पत्र दाखवलं. पत्र वाचून झालं आणि पुन्हा तेच. "ते ठीकाय, पण एम.ए.?"

यातली खरी मजा अशी की केंब्रिजचं एम.ए. कुणी 'करत' नाही. तिथे बी.ए. झालेल्या माणसाला, पहिलं सत्र संपून सहा वर्षं लोटली की, मागितल्यावर ते देतात. परीक्षा नाही, प्रबंध नाही, मार्कशीट तर नाहीच नाही. म्हणजे त्या काळी नावापुढे केंब्रिजचं एम.ए. लावून मिरवणारा कुणीही बुजुर्ग आमच्या खिडकीवर उभा राहिला असता, तर पहिल्या पाच मिनिटांत घरी पाठवला गेला असता.

आता रँग्लरांकडे येतो. केंब्रिजला गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणारा तो रँग्लर, आणि त्यांतला पहिला तो सीनियर रँग्लर. दापोलीकडच्या मुर्डी गावचा मुलगा, सरकारी शिष्यवृत्तीवर गेला आणि १८९९ला बर्टविसल नावाच्या दुसऱ्या विद्यार्थ्याबरोबर विभागून सीनियर रँग्लर झाला. परत आला, ७५ रुपये घेतले, सगळं खरं. पण काका, तुमचा फॉरवर्ड नेमका पुढच्याच ओळीला थांबतो. १९०२ला, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, याच मुलाला पुण्याने फर्ग्युसनचा प्राचार्य केला. सव्विसाव्या! आज सव्विसाव्या वर्षी आपण मुलांना काय देतो? टोकन नंबर.

विष्णू वासुदेव नारळीकरांचंही तेच. केंब्रिजला गणितात नाव काढलं, तर मालवीयांनी बनारसला बोलावून घेतलं आणि ऐन पंचविशीच्या आत गणित विभाग हातात दिला. त्यांचे चिरंजीव जयंतराव १९७२ला परतले तेव्हा मुंबईत टीआयएफआर ही मूलभूत संशोधनाची संस्था होती आणि पुढे १९८८ला पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी करण्याचं काम समोर आलं. ही माणसं मोठी होतीच, वाद नाही. पण परतणाऱ्यासाठी इथे कुणीतरी खुर्ची पुढे केलेली होती.

आणि रामानुजन! एफ.ए.ला, म्हणजे पदवीच्या आधीच्या कॉलेज परीक्षेत, नापास, मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून. केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांनी त्याच्या पत्रातली गणितं पाहिली आणि १९१४ला माणूस केंब्रिजला पोचला. १९१६ला संशोधनावर बी.ए., १९१८ला तिथल्याच ट्रिनिटी कॉलेजचा फेलो. "एफ.ए. कुठाय?" असं विचारून हार्डींनी पत्र परत पाठवलं असतं, तर?

हे लिहिता लिहिता जरा निवळलोय, म्हणून हेही सांगतो. तिकडे काय सगळे संत नव्हते. १८९०ला फिलिपा फॉसेटला सीनियर रँग्लरपेक्षा जास्त गुण पडले, पण बाई म्हणून तो मान काही दिला नाही. रँग्लरांची लेक शकुंतला परांजपे केंब्रिजच्याच न्यूनम कॉलेजात गणितच शिकली, १९२९ला उत्तीर्ण झाली. तेव्हा तिथे बायकांना पदवी नुसती नावापुरती मिळायची, खरीखुरी १९४८पासून. बापाला जिथे डोक्यावर घेतलं तिथेच लेकीला दारात उभं केलं. तिथल्या खिडकीत बसणाराही आपल्यासारखाच.

कमेंटमध्ये कुणी सांगण्याआधी मीच सांगतो. २०२२ला भारत-ब्रिटन करार झाला आणि तिकडची एक वर्षाची मास्टर्स मान्य करायचं ठरलं. झालं ते बरं झालं. आमच्या घरी तीन वर्षं उशिरा झालं, इतकंच. आणि हो, नुसत्या पौंडांपायी तिकडे राहणारे असतात, मलाही दोन-चार माहीत आहेत. त्यांच्याबद्दल काय ते बोला. हिच्याबद्दल नाही.

कारण तिसऱ्या फेरीत काय झालं ते काकांना माहीत नाही. गृहस्थांनी झेरॉक्सच्या गठ्ठ्यात मूळ सर्टिफिकेटही घेतलं आणि बोलता बोलता सगळ्यावर एकदम पंचिंग मशीन दाबलं. खटॅक. दोन भोकं, विद्यापीठाच्या नावाच्या जरा डावीकडे. ते बिचारे ओशाळले, "अरेरे, ओरिजिनल होतं का" म्हणाले. भाची काही बोलली नाही. बाहेर येऊन मला म्हणाली, "मामा, उसाचा रस पिऊ या." रस पिताना तिने ती भोकं बोटाने चाचपून पाहिली, दोनदा. मी रस्त्याकडे बघत बसलो.

२०२१ला गेली परत. आता तिकडच्या एका संग्रहालयात आहे. मघाशी फोनवर फॉरवर्डचं सांगितलं तर खो खो हसली. मी विचारलं, सर्टिफिकेट पाठवू का कुणाबरोबर? "नको, राहू दे," म्हणाली, "इथे कुणी बघायला मागत नाही."

ताईने ते रेशनकार्डाच्या फाइलमध्ये लावून ठेवलंय. भोकं आहेतच, छान बसतं.