सोलापुरात कुठलं जंगल बे?

आज दुपारी भाच्याला घेऊन तो जंगलातला सिनेमा बघून आलो. डोकं अजून तापलंय, म्हणून लिहितोय.

सिनेमा गरीब आहे, मान्य. वाघ कॉम्प्युटरचा, पहिल्याच सीनला कळतं. शिकारी मोजून चार, तेच टोप्या बदलून परत परत मार खातात. हसू मलाही आलं. पण मागून एकजण मोठ्यांदा म्हणाला, "आपल्याला काय करायचंय बे, सोलापुरात कुठलं जंगल?" आणि अख्खी रांग खिदळली.

अरे, नान्नज आहे की! बार्शी रोडला. 1979 पासून माळढोक पक्ष्याचं अभयारण्य. झाडी नाही, गवत आहे, म्हणून तुम्हाला ते पडीक वाटतं. त्याच गवतात काळवीट, खोकड, लांडगा. माळढोकची मादी बहुतेक वेळा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर.

लहानपणी वडाळ्याजवळ आजोळच्या रानात मेंढरं बसवली होती. रात्री लांडग्यानं कोकरू उचललं. सकाळभर तो म्हातारा धनगर लांडग्याच्या सात पिढ्या उद्धरत होता. दुपारी ओढ्याकाठी बिळात पिल्लं सापडली, पोरं दगड घेऊन निघाली, तर हाच काठी घेऊन पोरांच्या मागं! "व्हा मागं! आय येईल त्यांची."

सिनेमातला हिरो वन्यप्राण्यांवर भाषणं ठोकतो. म्हाताऱ्यानं एवढं एकच वाक्य टाकलं. कोकराची भरपाई? कुणी दमडी दिली नाही.

हो, अभयारण्यानं लोकांना त्रास झाला, खरंय. 8,496 चौरस किलोमीटर, गावंच्या गावं आत, जमीन विकायची पंचाईत. मग कापून 1,222 च्या आसपास आणलं. बरं केलं. पण उरलेलं तरी सांभाळा ना! आपल्याकडचे व्हिलन बंदूक घेऊन येत नाहीत. जेसीबीनं मुरूम उपसतात, प्लॉट पाडतात, विजेच्या तारा ओढतात. माळढोक अंगानं जड, त्याला समोरचं नीट दिसत नाही, तारेला धडकतो आणि मरतो. आज तिथं तो दिसला तर नशीब म्हणायचं. ह्यावर कोण काढणार सिनेमा?

जाऊ दे. वाघीण पिंजऱ्यातून सुटली तेव्हा भाच्यानं माझा हात घट्ट धरला होता. त्याला कुठं ग्राफिक्स दिसत होतं! त्या फाटक्या सिनेमाला तेवढ्यासाठी माझ्याकडून सगळं माफ.

येताना गाडीवर त्याला म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. लांडग्याची पिल्लं वाचली म्हणून खूश होईल वाटलं. तर म्हणतो, "मामा, मग कोकराच्या आईचं काय?"

काय सांगणार? रविवारी नान्नजला नेतो म्हणालो आणि विषय बदलला.