मला बलराम आवडतो

संगीत नाटक न आवडणाऱ्या माणसाचं आणि माझं उत्तम जमतं. तो म्हणतो, “घरात एवढा अनर्थ चाललाय आणि ही बाई ताना कसल्या घेतेय?” मी म्हणतो, “खरंय बाबा.” विषय संपतो, चहा येतो. खरा छळ आवडणाऱ्यांचा.

आमचे अण्णा, म्हणजे मावशीचे यजमान, त्यातले अट्टल. प्रयोगाला ते माझ्या शेजारी बसतात आणि खुर्चीच्या हातावर ताल धरतात. हा हात दोघांत एक, त्यामुळे अर्धा ताल माझ्या कोपरावर पडतो. तबलजी त्रितालात, अण्णाही त्रितालात, फक्त सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, दोघांची निराळी. गायक समेवर आला की अण्णा डोळे वटारून त्याच्याकडे बघतात. बिचारा चुकला! पद संपतं न संपतं तोच कानाशी येतात, “मूळ चाल अशी नव्हती.” मूळ चाल म्हणजे अण्णांनी लहानपणी रेडिओवर ऐकलेली. त्याआधी जगात संगीत नव्हतं.

पदं कापली की त्यांचा जीव कळवळतो. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’त पदंच 200च्या आसपास. ती सगळी गायची तर दुष्यंताला शकुंतला आठवेपर्यंत प्रेक्षक घरचा पत्ता विसरतील, असं माझं मत. अण्णांच्या मते घर आहेच कशाला?

‘मानापमान’ निघालं की मी पाण्याची बाटली जवळ घेऊन बसतो. 1921च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी दोन नाटक मंडळ्यांचं संयुक्त ‘मानापमान’ झालं. नायिका भामिनी बालगंधर्व, नायक धैर्यधर केशवराव भोसले. त्या रात्री बाजी कुणी मारली यावर अण्णा आणि त्यांचे मित्र अजून हमरीतुमरीवर येतात. त्या प्रयोगाला यांच्यातला एकही नव्हता. बहुतेकांचे वडीलही नव्हते. तरी एकजण छातीठोकपणे सांगतो, “केशवरावांनी गाताना एक जागा घेतली आणि थिएटर थरारलं.” याला कुणी सांगितलं? थिएटरने?

गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’च्या बाबतीत मात्र मी अण्णांचा कायमचा गुन्हेगार आहे. सिंधूचं पद सुरू झालं की ते डोळे मिटून “गडकरी, गडकरी!” म्हणत मान डोलावतात. ती पदं वि. सी. गुर्जरांची, हे मी एकदा मध्यंतरात बोलून गेलो. बटाटेवडा हातात तसाच राहिला. मग कित्येक दिवस फोनवर फक्त मावशीच बोलायची. त्यात भर म्हणून मी असंही म्हणालो होतो, की लोक सिंधूसाठी रडतात खरे, पण वाट बघतात ती दारुड्या तळीरामाच्या आर्यमदिरामंडळाची.

परवा ‘सौभद्र’ होतं. 1882चं नाटक, पण हशे अजून ताजे. बाहेर पडताना अण्णा प्रसन्न दिसले, म्हणून मी धीर केला.

“अण्णा, मला यात बलराम सगळ्यांत जास्त आवडतो.”

ते जिन्यातच थांबले. मागची रांग थबकली.

“बलराम? अरे, कृष्ण सोडून बलराम?”

“सरळ माणूस आहे हो. धाकटा भाऊ त्याच्या पाठीमागे डाव टाकतो. साधू समजून ज्याला मान द्यावा तो यती अर्जुन निघतो. अख्खी द्वारका त्याला फसवते आणि आपण तिकीट काढून फसवणाऱ्यांना वन्समोर देतो.”

“अरे, तो दुर्योधनाला बहीण, सुभद्रा, द्यायला निघाला होता!” मागून एक अनोळखी आजी कडाडल्या.

“शब्द दिला होता त्याने!” मी.

“मग शब्दाशी लग्न करायचं होतं पोरीने?”

अण्णांनी आजींना वाकून नमस्कार केला. पार्किंगपर्यंत माझ्याशी अवाक्षर नाही. गाडीशी आल्यावर त्यांनी फोन काढला.

“रविवारी ‘कट्यार काळजात घुसली’ आहे. दोन गवयांच्या वैरात तू पंडितजींच्या बाजूचा की खांसाहेबांच्या, ते आत्ताच सांग. त्याप्रमाणे जागा घेतो.”

“कविराजांच्या,” मी म्हणालो.

अण्णांनी एकच तिकीट काढलं.