इंटर्नल बंद केल्याने खिरापत थांबणार नाही

निकालाच्या हंगामात एक मेसेज हमखास फिरतो. प्राध्यापकांच्या ग्रुपवर, पालकांच्या ग्रुपवर, माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच. इंटर्नलचे, म्हणजे चाचणी, असाइनमेंट, प्रॅक्टिकल यांवर कॉलेजातल्याच शिक्षकाने दिलेले मार्क म्हणजे खिरापत. लेखी पेपर निष्पक्ष असतो. आमच्या वेळी शंभर मार्कांचा पेपर होता म्हणून पदवीला किंमत होती. एआय आल्यावर असाइनमेंटला अर्थच उरलेला नाही. शिवाय सारख्या चाचण्या घेतल्या तर मुलांनी अभ्यास करायचा कधी? तेव्हा अंतर्गत मूल्यमापन बंद करा आणि पुन्हा सगळे मार्क तीन तासांच्या पेपरला ठेवा.

मी रसायनशास्त्र शिकवतो. विद्यापीठाचे पेपर तपासतो आणि इंटर्नलचे मार्कही भरतो, म्हणजे दोन्ही बाजूंचा माल हातातून जातो.

खिरापतीचा मुद्दा मान्य. ३० पैकी २६, २७, २८ अशी रांगच्या रांग लागते आणि वर्गात सहा महिने न दिसलेल्यालाही २२ मिळतात. नापास केलं तर फेरपरीक्षा घ्या, मार्क पुन्हा भरा, कॉलेजचा निकाल खाली आला म्हणून मीटिंगमध्ये ऐकून घ्या. विनाअनुदानित तुकडीवर तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसाने हे अंगावर का घ्यावं? पण हे मार्क का फुगतात, हे मेसेज विचारत नाही. ते कशाबद्दल दिले, हे कुणालाही दाखवावं लागत नाही म्हणून फुगतात. चाचणीचा पेपर मुलाच्या हातात परत जात नाही, दुसरा शिक्षक तो बघत नाही. पोर्टलवर आकडा भरला की विषय संपला. आता हीच कसोटी लेखी परीक्षेला लावून बघू.

‘लेखी पेपर निष्पक्ष असतो.’ एका अर्थी हो. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, त्यामुळे पेपर लाडक्या विद्यार्थ्याचा आहे की नावडत्याचा, हे तपासणाऱ्याला कळत नाही. हा फायदा खरा आहे आणि तो घालवू नये. पण नाव झाकलं म्हणून मार्क बरोबर पडतात असं नाही. १९१२ मध्ये अमेरिकेत संशोधक डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी इंग्रजीचा एकच पेपर १४२ शिक्षकांकडून तपासून घेतला. मार्क पडले ६४ पासून ९८ पर्यंत. भाषेचा पेपर आहे, असं व्हायचंच, असं लोक म्हणाले. मग त्यांनी पुढच्या वर्षी भूमितीचा पेपर दिला. तिथे एकाच उत्तरपत्रिकेला २८ पासून ९५ पर्यंत मार्क पडले. भूमितीत! कुणी मांडणीचे मार्क कापले, कुणी पायऱ्यांचे दिले, कुणी उत्तर चुकलं म्हणून सगळंच कापलं.

आपल्याकडे कॅप सेंटरवर, म्हणजे विद्यापीठाचे पेपर एकत्र तपासले जातात त्या केंद्रावर बसलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. ऐन उन्हाळ्यात समोर गठ्ठा, शेजारी मॉडेल आन्सर, मॉडरेटरकडे (तपासणी पडताळणाऱ्याकडे) जाणारे पेपर वेगळे काढायचे, आणि संध्याकाळपर्यंत गठ्ठा संपवायचा. पंधराव्या-विसाव्या पेपरनंतर आपण वाचत नाही, शोधतो. व्याख्येतला ठरलेला शब्द आहे का, आकृती आहे का, समीकरण संतुलित केलंय का. मुलाने तीच गोष्ट स्वतःच्या भाषेत, जरा आडवळणाने पण बरोबर लिहिली असेल तर तिच्यासाठी थांबायला वेळ नसतो. पाठ केलेल्या सुवाच्य उत्तराला मार्क मिळतात, विचार करून लिहिलेल्याचे कापले जातात. हा तपासणाऱ्याच्या आळसाचा भाग नाही, लाखांनी येणाऱ्या उत्तरपत्रिका ठरलेल्या दिवसांत उरकण्याचा परिणाम आहे.

हा डोलारा कोसळतो तेव्हा काय होतं, ते मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये दाखवलं. १७ लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका एकदम संगणकाच्या पडद्यावर तपासायच्या ठरल्या, निकाल महिनोन् महिने रखडले, राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदतही टळली आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. ज्यांचे परदेशातले प्रवेश त्या निकालावर अडले होते, त्यांना निष्पक्षतेचं कौतुक सांगून बघा.

आणि तपासलेला पेपर मुलाला दिसतो का? फोटोकॉपीसाठी अर्ज करून पैसे भरले तर. म्हणजे इंटर्नलचा रोग इथेही आहे, फक्त त्याला सील लावलेलं आहे.

‘आमच्या वेळी पदवीला किंमत होती.’ होती, कारण पदवीधरच मोजके होते. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालं: शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठाने. १८६२ साली बी.ए. झालेल्या पहिल्या तुकडीत चार जण होते, त्यांत रानडे आणि भांडारकर. चार जणांसाठी जे चाललं ते लाखांसाठी चालेल, ही अपेक्षाच चमत्कारिक. बरं, त्या ‘आमच्या वेळी’ही सगळे खूश होते असं नाही. राधाकृष्णन आयोगाने १९४८-४९ मध्येच म्हटलं होतं की विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षांची असेल. त्यानंतर २०१९ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, मूल्यमापन सुधारणांचा आणखी एक दस्तऐवज काढला. मधली सत्तर वर्षं आपण मार्कांचं प्रमाण तेवढं इकडून तिकडे हलवत राहिलो.

आता मेसेजमधला न बोललेला मुद्दा, माझ्या मते सगळ्यात चुकीचा: तीन तासांच्या पेपरात खरं ज्ञान कळतं.

टायट्रेशनचं उदाहरण घ्या: एका द्रावणात दुसरं मोजून सोडत जायचं आणि विक्रिया नेमकी कुठे पूर्ण होते ते ओळखायचं. ‘ऑक्झॅलिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड यांच्या टायट्रेशनचा अंतिम बिंदू कसा ओळखाल?’ याचं उत्तर पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळे लिहितात: फिनॉल्फ्थॅलीन हा दर्शक, रंगहीन ते फिकट गुलाबी. पूर्ण मार्क. मग त्याच मुलांना ब्युरेटसमोर, म्हणजे द्रावण थेंबाथेंबाने सोडायच्या खुणांच्या नळीसमोर उभं करा. एकजण नोझलमधला हवेचा बुडबुडा न काढताच रीडिंग घेतो. दुसऱ्याचा फ्लास्क थेट गर्द गुलाबी, म्हणजे गाडी स्टेशन सोडून पुढे गेलेली, आणि तरी वहीत लिहिलेलं ‘फिकट गुलाबी’. तिसरी मुलगी शेवटच्या टप्प्यावर थेंब थेंब सोडते, फ्लास्कखाली पांढरा कागद ठेवते, गुलाबी छटा क्षणभर दिसून गेली की आणखी अर्धा थेंब काचेवरून धुऊन घेते. कागदावर तिघांचं उत्तर एकच आहे. तिघांतला फरक फक्त तिथे उभं राहून बघणाऱ्याला दिसतो आणि त्या बघण्याचे मार्क म्हणजेच इंटर्नल. ते बंद करून काय मोजणार? (जर्नल, म्हणजे प्रयोगवही, पूर्ण आहे म्हणून प्रॅक्टिकलचे मार्क द्यायचे, ही पद्धत मीही खिरापतीतच धरतो. जर्नल कुणाचं बघून उतरवलं, हे अक्षरावरूनही कळतं.)

एआयचं भय खरं आहे. घरून लिहून आणलेल्या असाइनमेंटला मार्क देणं आता थांबवायलाच हवं, यात मेसेजवाल्यांशी माझं भांडण नाही. पण आधी तरी काय होतं? सिनियरची असाइनमेंट, मुखपृष्ठ बदलून. कॉपी आता फक्त सुबक झाली आहे. उपाय मात्र साधा आहे: लिहून आणलेलं समोर ठेवायचं आणि बोलायला लावायचं. प्रोजेक्टमध्ये ‘नमुना यादृच्छिक पद्धतीने निवडला’, म्हणजे चिठ्ठ्या काढाव्यात तशी माणसं निवडली, असं छापलेलं असतं. ‘म्हणजे कोणाला विचारलंस? सोसायटीतल्यांनाच ना? मग यादृच्छिक कसा?’ तिसऱ्या प्रश्नाला कळतं. काही मुलं गप्प होतात, काही मात्र ‘हो सर, ते सोयीनुसारच घेतलं होतं, त्यामुळे तरुणांची उत्तरं कमी आली’ असं म्हणून मोकळी होतात. या दुसऱ्या मुलांना विषय कळलेला असतो, मग मजकूर मशीनने घासून दिलेला का असेना.

चाचण्यांमुळे अभ्यासाला वेळ मिळत नाही, हे तर उलटंच आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचायला दिला, दुसऱ्याला त्यावर आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांच्या लक्षात राहिलं ४२ टक्के, आठवून लिहिणाऱ्यांच्या ५६. चाचणी हाही अभ्यासच असतो, फक्त पेपर परत मिळाला पाहिजे आणि चुका वर्गात फळ्यावर यायला हव्यात. आपल्याकडे तो कपाटात जातो आणि कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या समितीला दाखवायला बाहेर येतो.

राहिला मेसेजखाली येणारा एक प्रतिसाद: ‘सर, वर्गात १२० मुलं आहेत, तोंडी परीक्षा कोण घेणार?’ सगळ्या चर्चेतला हा एकच दमदार आक्षेप. हिशेब करू. प्रत्येकी पाच मिनिटं धरली तर ६०० मिनिटं, म्हणजे दहा तास. पूर्ण सत्रावर पसरले तर एका वर्गासाठी ते जमतं. चाचणीचा पेपर पुढच्या आठवड्यात परत देणं, दर दहांतला एक पेपर विभागातल्या दुसऱ्याकडून तपासून घेणं, हेही जमतं. पण त्याच शिक्षकाकडे असे चार वर्ग असतील तर नुसत्या तोंडीचे चाळीस तास होतात. कित्येक विभागांत ते घेणारा माणूस तासिका तत्त्वावर असतो, आणि त्याला पैसे मिळतात ते फक्त वर्गात शिकवलेल्या तासांचे.