ॲडव्हान्स्ड इंग्लिशची टेस्ट काढणाऱ्यांना काही मोलाच्या सूचना

क्लासच्या बोर्डावर 'ॲडव्हान्स्ड' हा शब्द रंगवून झाला असेल, तर आता त्याला शोभेल अशी एखादी टेस्ट घ्यायलाच हवी. कशी घ्यायची, याची चिंता करू नका. गेल्याच आठवड्यात जुळे सोलापुरातल्या एका क्लासची प्रश्नपत्रिका उत्तरसूचीसकट हाती पडली. कॉम्प्रिहेन्शन ५० मार्क, ग्रामर ५० मार्क, वर 'सी-वन लेव्हल' असा जांभळा शिक्का. ती इतकी नमुनेदार आहे की पुढच्या सूचनांचं सगळं श्रेय तिलाच.

आधी शिक्क्याचं बघू. युरोप परिषदेने २००१ साली भाषेच्या ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्या ठरवल्या. सी-वनला पोचलेल्या माणसाला लांबलचक, अवघड मजकूर समजतो आणि त्यात उघड न सांगितलेला अर्थही कळतो, असं तिथे लिहून ठेवलंय. ते वाचत बसू नका. शिक्का नवी पेठेत करून मिळतो.

उतारा निवडताना गावाचा अभिमान सोडू नका. चीनमध्ये जाऊन युद्धातल्या जखमींवर उपचार करणारे सोलापूरचे डॉ. कोटणीस उत्तम. पुतळा बघत बघतच पोरं मोठी झालेली असतात, त्यामुळे 'डॉ. कोटणीसांचा जन्म कुठे झाला?' हा पहिला प्रश्न बिनधास्त टाका. पर्याय पुणे, सोलापूर, मुंबई, नागपूर. सोलापुरात बसून हा प्रश्न चुकवणारा विद्यार्थी सापडला तर त्याचा सत्कार करा. दुसरा प्रश्न, 'ते चीनला कोणत्या साली गेले?' उताऱ्यात १९१०, १९३८ आणि १९४२ असे तीनच आकडे आहेत. पहिल्याशेजारी 'बॉर्न', तिसऱ्याशेजारी 'डाइड'. उरला तो बरोबर. यासाठी इंग्रजी यावं लागत नाही, डोळे असले की भागतं. तिसरा प्रश्न, 'व्हॉट इज द मेन आयडिया?' पर्याय: चीन, युद्ध, डॉक्टर, आणि चौथा अख्खा दोन ओळींचा. कुठला बरोबर असेल बरं?

पेपर काढणाऱ्याने हे तपासायला फार काही करावं लागत नाही हो. उतारा झाकायचा आणि नुसते प्रश्न ऑफिसातल्या चार-पाच जणांना सोडवायला द्यायचे. चार पर्याय असले तर डोळे मिटून ठोकूनही चौथा हिस्सा बरोबर येतो. त्याच्या खूप वर कुणी गेलं, तर समजायचं की प्रश्नांची उत्तरं उताऱ्याबाहेरच पडून आहेत. दहा मिनिटांचं काम. चारही पर्याय साधारण एकाच लांबीचे ठेवायचे, चुकीचे पर्यायही उताऱ्यातलेच शब्द घेऊन बनवायचे, प्रश्नात मात्र उताऱ्यातला शब्द जसाच्या तसा टाकायचा नाही, म्हणजे पोरगं बोटाने शब्द शोधत जाणार नाही. एवढंच. त्याच उताऱ्यात दोन चिमुकली वाक्यं होती: 'फाइव्ह डॉक्टर्स वेंट. फोर केम होम.' परत न आलेल्या पाचव्याबद्दल, म्हणजे खुद्द कोटणीसांबद्दल, त्या वाक्यांत एक अक्षर नाही. सगळा उतारा त्या मौनावर उभा आहे. लेखकाने इथे वाक्यं इतकी तोडकी का केली, त्यातून त्याला काय सुचवायचंय, हा खरा सी-वनचा प्रश्न. तो हातात आयता आलेला. आणि यांनी काय विचारलं? 'हाऊ मेनी डॉक्टर्स वेंट टू चायना?' अरे, पाच! पाच लिहिलंय तिथे! आकडा मोजायला लावायचा होता तर गणिताचा पेपर काढायचा होता ना.

असो. रागावून चालणार नाही, आपण सूचना देतोय.

उतारा पहिल्या पानावर आणि प्रश्न पाठीमागे छापा. झेरॉक्समध्ये शेवटची ओळ अर्धी कापली गेली तर उत्तम.

आता ग्रामर. 'हनी टेस्ट्स स्वीट' याचं पॅसिव्ह विचारायला विसरू नका. इंग्रजी बोलणारा कुणीही जे वाक्य पॅसिव्हमध्ये कधी नेणार नाही, ते आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या नेलं जातंय. 'हनी इज स्वीट व्हेन इट इज टेस्टेड' हे उत्तर पाठ असणं हीच प्रगत इंग्रजीची खूण. 'डेटा इज' की 'डेटा आर', यातलं एकच बरोबर आणि दुसरं साफ चूक असं उत्तरसूचीत ठोकून द्या. दोन्ही सर्रास चालतात याची वाच्यता नको. जिथे तीन वेगवेगळे शब्द सहज बसतात अशी गाळलेली जागा ठेवा, आणि पेपर तपासायला अशाला बसवा जो सूचीतला शब्द सोडून बाकी सगळ्यावर फुली मारेल.

केंब्रिजच्या सी-वन परीक्षेत एक वाक्य देतात, एक शब्द देतात, आणि तो शब्द न बदलता तीन ते सहा शब्दांत तेच वाक्य नव्याने बांधायला सांगतात. दोन मार्क, अर्धं जमलं तर एक. पोराला रचना वापरता येते का, हे त्यात लपत नाही. पण तपासणाऱ्याला डोकं लावावं लागतं, म्हणून आपण त्या वाटेला जायचं नाही.

आणि प्रश्न क्रमांक बावीस. हा फ्रेम करून लावा. 'इफ शी हॅड टेकन द मेडिसिन यस्टरडे, शी ___ फाइन नाउ.' पर्यायांत 'वुड बी' आहे आणि 'वुड हॅव बीन'ही आहे. उत्तरसूची म्हणते 'वुड हॅव बीन'. का? तर 'इफ'पाठोपाठ 'हॅड' आलं की पुढे 'वुड हॅव', असं गाइडात चौकटीत छापलंय म्हणून. वाक्यात 'नाउ' ढळढळीत बसलंय. औषध काल घ्यायचं होतं, बरं वाटायचं ते आत्ता. अट भूतकाळातली, परिणाम वर्तमानातला, म्हणून 'वुड बी'. मिक्स्ड कंडिशनल म्हणतात याला, आणि ॲडव्हान्स्ड ग्रामर म्हणून जे काही असतं ते नेमकं इथेच सुरू होतं. म्हणजे ज्या पोरीने वाक्य शेवटपर्यंत वाचलं तिचा मार्क गेला, आणि जिने अर्ध्यावर गाइड आठवलं तिला मिळाला.

ही चूक सापडायलाही कुणी विद्वान लागत नाही. शंभर पोरं बसली असतील तर पेपर मार्कांप्रमाणे लावायचे. वरचे २७ काढायचे, खालचे २७ काढायचे. वर-खाली २७ टक्के घ्यायची ही रीत १९३९ पासून, केली नावाच्या माणसापासून चालत आलीय. एकेका प्रश्नाला वरच्यांत किती बरोबर, खालच्यांत किती, वजाबाकी करायची, २७ ने भागायचं. ०.४ च्या आसपास आलं तर प्रश्न छान. ०.२ च्या खाली आलं तर दुरुस्त करा नाहीतर काढून टाका. समजा बावीस नंबरला वरच्यांतले ६ बरोबर निघाले आणि खालच्यांतले १८. उणे ०.४४. उणे! हुशार पोरं चुकतायत आणि कच्ची बरोबर येतायत, म्हणजे बहुतेक वेळा उत्तरसूचीच चुकलेली असते. एक कॅल्क्युलेटर आणि एक दुपार. पण दुपारी दुसरी बॅच असते, नाही का?

रीचेकिंगची फी मात्र आगाऊ घ्या.

हे असले पेपर कोण सोडवतं, माहीत आहे? सोलापूरच्या पूर्व भागातली पोरं. घरी तेलुगू, रस्त्यावर मराठी, दुकानात हिंदी, आजोळ अक्कलकोटकडचं असलं तर कन्नडही, आणि त्यावर इंग्रजी. एका वाक्यात एका भाषेतून दुसऱ्या भाषेत उडी मारायचं कसब त्यांना तुमच्याआधीपासून आहे. तुम्ही त्यांच्या हातात ९१ मार्कांचं सर्टिफिकेट ठेवता. ते घेऊन पोरगं आयईएलटीएसला, म्हणजे परदेशी जायला लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेला जातं, पंधरा हजारांच्या वर फी भरतं, तिथे ६० मिनिटांत तीन लांब उतारे आणि ४० प्रश्न समोर येतात. एखादं विधान उताऱ्यात खोटं ठरवलंय की त्याबद्दल काही म्हटलेलंच नाही, हे ओळखायचं असतं. आणि पोरगं तिथे साल शोधत बसतं, कारण तुम्ही त्याला दुसरं काही विचारलंच नव्हतं. उलट जिला खरंच इंग्रजी येतं ती तुमच्याकडून ५८ घेऊन घरी जाते आणि आपण कच्च्या आहोत असं धरून बसते. दोघांनाही तुम्ही खोटं सांगितलंत, आणि त्याचे पैसे घेतलेत.

लाज वाटू द्या जरा. पेपर छापण्याआधी उत्तरसूची न बघता स्वतः सोडवा. मग दुसऱ्या कुणाला तरी सोडवायला द्या. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तो प्रश्न पोरांसमोर जाता कामा नये. हे जमत नसेल तर टेस्ट घेऊ नका, नुसतं शिकवा. आणि ज्यांनी ज्यांनी 'वुड बी' लिहिलंय, त्या सगळ्यांचा मार्क या आठवड्यात परत द्या, रीचेकिंगची फी न घेता.