तिसऱ्याला दिलेले मत वाया का जाते?

2024 च्या नोव्हेंबरात इथे अमेरिकेत मतदान करून घरी पोहोचतो तोच छत्रपती संभाजीनगरहून दादाचा फोन आला. "तुमच्याकडे बरे आहे, दोनच पक्ष. मतविभागणीची भानगड नाही," तो म्हणाला. महाराष्ट्रात तेव्हा विधानसभेचा प्रचार ऐन भरात होता, पण दादाच्या मनात अजून 2019 ची लोकसभा निवडणूक होती. आमच्या मतदारसंघात इम्तियाज जलील यांनी चंद्रकांत खैरे यांना साडेचार हजारांच्या आतल्या फरकाने हरवले आणि अपक्ष हर्षवर्धन जाधव यांना पावणेतीन लाखांवर मते पडली. तेव्हापासून तिसरा उमेदवार म्हणजे मते खाणारा, हे त्याने पक्के धरले आहे.

अमेरिकेतही अध्यक्षपदाचे तिसरे उमेदवार राल्फ नेडर यांच्यावर हाच ठपका आहे. 2000 च्या निवडणुकीत निर्णायक ठरलेल्या फ्लोरिडा राज्यात धाकटे बुश 537 मतांनी जिंकले आणि नेडर यांना 97 हजारांहून अधिक मते होती. मला हा दोष मतदारांवर टाकणे अन्यायाचे वाटते. दोष मोजणीच्या पद्धतीत आहे. 1992 मध्ये अपक्ष रॉस पेरो यांना देशभरात जवळपास 19 टक्के मते मिळाली, मी राहतो त्या मेन राज्यात तर ते 30 टक्के मते घेऊन थोरल्या बुश यांच्याही पुढे दुसरे आले, आणि तरीही अध्यक्ष निवडणाऱ्या 538 प्रतिनिधी-मतांपैकी त्यांच्या वाट्याला एकही आले नाही, कारण जवळजवळ सर्वत्र राज्यात पहिला येणारा तिथली सगळी प्रतिनिधी-मते घेऊन जातो.

मेनच्या मतपत्रिकेवर आता उमेदवारांच्या नावांपुढे पहिली, दुसरी, तिसरी पसंती अशा रकान्यांत लंबगोल छापलेले असतात. कोणालाच निम्म्याहून अधिक मते नसतील, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मते पुढच्या पसंतीकडे जातात. 2018 मध्ये जॅरेड गोल्डन पहिल्या मोजणीत मागे होते. दोन अपक्षांची मते वळल्यावर ते काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून आले. अपक्षांना मत देणाऱ्या त्या लोकांचे मत फुकट गेले, असे कोण म्हणेल?

एवढ्याने तिसरा पक्ष अध्यक्षपद जिंकेल, असे मला वाटत नाही. कोणालाच बहुमताची 270 प्रतिनिधी-मते मिळाली नाहीत, तर निवड संसदेच्या प्रतिनिधिगृहाकडे जाते. तिथे प्रत्येक राज्याला एक मत, आणि सभागृह दोन पक्षांचेच. म्हणूनच दर चार वर्षांनी अध्यक्षपदाचा उमेदवार उभा करून मग अंतर्धान पावणाऱ्या छोट्या पक्षांनी ती ताकद आधी राज्याराज्यांत मोजणीची पद्धत बदलण्यासाठी लावावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. काम सोपे नाही: 2024 च्या त्याच नोव्हेंबरात कोलोरॅडो, ओरेगॉन, नेवाडा आणि आयडाहो या चारही राज्यांच्या मतदारांनी पसंतीक्रम नाकारला, याचे मला फार वाईट वाटले.

दादाला हे सारे परके वाटले. मग मी त्याला 2020 च्या डिसेंबरातली मराठवाडा पदवीधर मतदारसंघाची निवडणूक आठवून दिली. केंद्रावरच्या जांभळ्या पेनाने नावांपुढे 1, 2, 3 असे आकडे त्याने स्वतःच लिहिले होते.