दप्तराची चेन
शिवाजीनगरच्या फॅमिली कोर्टात बरीच वर्षं प्रॅक्टिस करतेय, आज स्वतःचीच एक चूक सांगायचीय. ताब्याची केस होती, आठ वर्षांचा मुलगा शाळेतून थेट आईबरोबर ऑफिसला आला होता, आणि मी फाईल उघडून, पेन सरसावून विचारलं काय तर "बाळा, तुला आईकडे राहायचंय की बाबांकडे?" तेही आईच्या देखत! तो काही बोलेना, दप्तराची चेन उघडायचा, लावायचा, परत उघडायचा, तर मी तेच पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने, जसं काही पोराला ऐकूच आलं नव्हतं. मग हळूच म्हणाला, "तुम्ही सांगाल ते."

मला तो समंजसपणा वाटला हो! घरात दोघं भांडायला लागले की तो जे करत असणार तेच माझ्यासमोर करत होता, हे रात्री भांडी आवरताना डोक्यात आलं.

पॉक्सोमध्ये बघा, मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठीच्या 2012 च्या त्या कायद्याचं कलम 33 सांगतं की वकिलाने मुलाला थेट प्रश्न विचारायचेच नाहीत, कोर्टाकडे द्यायचे, कोर्ट विचारणार, मध्ये ब्रेक द्यायचे, सारखं सारखं साक्षीला बोलवायचं नाही. जबाब घेणारे पोलीससुद्धा युनिफॉर्ममध्ये नकोत. पण ताब्याच्या केसमध्ये, आमच्या केबिनमध्ये कुठलं कलम? तिथे आम्हीच राजे.

मोठ्यांचंही तेच. मारहाणीची तारीख विचारली की बाई गप्प, पण कुकरची तिसरी शिट्टी झाली होती हे पक्कं आठवतं. आम्ही वैतागतो, "अहो ताई, पहिल्यापासून नीट सांगा ना." खूप घाबरलेल्या माणसाला पुष्कळदा असं तुकड्यातुकड्यानेच आठवतं, त्यात खोटेपणा शोधू नका. आणि "तेव्हाच का नाही सांगितलं?" हे तर बंदच करा प्लीज. "तेव्हा सांगितलं असतं तर काय झालं असतं?" असं विचारून बघा, कधीकधी अख्खी केस त्या उत्तरात असते.

आता पहिल्या भेटीत मी मुलाला केसबद्दल काही विचारतच नाही. मी कोण, वहीत काय लिहितेय, जजसाहेब चेंबरमध्ये बोलले तर काय होईल, ते सांगते. ठरवायचं काम त्यांचं, तुझं नाही, हेही. "सगळं नीट होईल" म्हणत नाही, ते माझ्या हातात कुठे असतं? आमचे एक सिनियर म्हणाले, "अगं, मग बालवाडीच काढ की!" काढेन पण, फी वेळेवर मिळत असेल तर 😄

तो मुलगा पुढच्या तारखेला कॉरिडॉरमध्ये दिसला होता. मला बघून आईच्या मागे सरकला. हाक मारणार होते, म्हटलं राहू दे.