ओळखीचे शब्दच जास्त फसवतात

लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या चिखल-पाण्यातून होणारा ताप, हा शब्द जिभेला अवघड, पण कोकणात त्याने कोणी फसत नाही. भातलावणीच्या दिवसांत नुसतं 'लेप्टो' म्हटलं की वाडीतल्या शाळकरी पोरालाही कळतं. फसवतो तो 'निगेटिव्ह' हा साधा शब्द. "रिपोर्ट निगेटिव्ह इलो, आता काय नाय," असं म्हणून माणूस ताप अंगावर काढतो आणि पुन्हा चिखलात उतरतो. दवाखान्यातले अवघड शब्द लोक विचारून घेतात. ओळखीचे वाटतात ते कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते खरं नुकसान तिथेच होतं.

लेप्टोसाठी नेहमी होते ती आयजीएम तपासणी रक्तात जंतू शोधत नाही. जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधते, आणि ती तयार व्हायला साधारण पाच ते सात दिवस लागतात. म्हणजे तापाच्या दुसऱ्या दिवशीचा 'निगेटिव्ह' एवढंच सांगतो की आज सापडलं नाही. म्हणूनच शंका असली की डॉक्टर रिपोर्टसाठी थांबत नाहीत, औषध सुरू करतात आणि काही दिवसांनी पुन्हा रक्त मागतात. तो फुकटचा खर्च नव्हे. पोटऱ्या दुखत असतील, डोळे लाल झाले असतील, लघवी कमी झाली असेल, तर निगेटिव्ह कागद बाजूला ठेवून दवाखाना गाठा. डेंग्यूचं गणित उलटं. विषाणूचाच अंश शोधणारी एनएस-१ तपासणी पहिल्या चार-पाच दिवसांतच कामाची, त्यानंतर तीही निगेटिव्ह येऊ शकते आणि मग आयजीएम करावी लागते. त्यामुळे रक्त देताना 'तापाचा कितवा दिवस' हे न विचारताही सांगा. रिपोर्टचा अर्थ त्या एका आकड्यावर ठरतो.

'नॉर्मल' हा त्याचाच भाऊ. छातीत दुखतंय, घाम फुटलाय आणि पहिला ईसीजी नॉर्मल आला, म्हणून लोक गॅसची गोळी घेऊन घरी जातात. ईसीजी त्या काही सेकंदांचं चित्र असतं. हार्ट अटॅकच्या सुरुवातीला ते स्वच्छ येऊ शकतं. दुखणं चालू असेल तर थोड्या वेळाने ईसीजी पुन्हा काढावा लागतो आणि ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी, रक्ततपासणी लागते. तीही पहिल्या एक-दोन तासांत नॉर्मल येऊ शकते, म्हणून काही तासांनी परत करतात. घाट उतरून आल्यावर रात्री दोन वाजता पुन्हा घाट चढायची पाळी येऊ नये, म्हणून "अजून थोडा वेळ इथेच थांबा" हा सल्ला मनावर घ्या.

काही आकडे उगाच घाबरवतात. टू-डी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, कागदावर 'ईएफ ६० टक्के' वाचून घरात रडारड होते, जणू हृदय चाळीस टक्के गेलं. डावा कप्पा दर ठोक्याला त्याच्यात भरलेल्या रक्तापैकी किती रक्त बाहेर ढकलतो, ते हे प्रमाण. निरोगी हृदयही सगळं ढकलत नाही. साधारण ५५ ते ७० म्हणजे उत्तम. प्लेटलेटचंही तसंच. एक लॅब १.५ लाख लिहिते, दुसरी १,५०,०००, तिसरी नुसतं १५० लिहून शेजारी हजाराचं एकक देते. तिन्ही एकच. आकडा वाचण्याआधी एकक वाचा. डेंग्यूत निव्वळ प्लेटलेट मोजत बसण्यापेक्षा ताप उतरतानाचे दोन दिवस सांभाळा. ताप गेला म्हणून घर निर्धास्त होतं, आणि धोका नेमका तेव्हाच असतो. सतत उलट्या, पोटात जोराचं दुखणं, हिरड्यांतून रक्त, कमालीची मरगळ, यातलं काहीही दिसलं तर लगेच दाखल करा.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो 'अॅक्युट' आणि 'क्रॉनिक' या जोडीपायी. अॅक्युट म्हणजे 'भयंकर' नव्हे, अचानक आलेलं. क्रॉनिक म्हणजे दीर्घकाळ चाललेलं. लेप्टोत मूत्रपिंडं एकाएकी काम थांबवतात, कागदावर येतं 'अॅक्युट किडनी इंज्युरी', आणि डॉक्टर डायलिसिस सांगतात. घरच्यांच्या डोळ्यांपुढे शेजारच्या गावातला वर्षानुवर्षं डायलिसिसवर असलेला माणूस येतो. "एकदा सुरू झालं की सुटत नाही," कोणीतरी मुंबईहून फोनवर सांगतं, आणि नकाराची सही होते. तो दुसरा आजार, क्रॉनिक, तीन महिन्यांहून जास्त काळ मुरलेला. लेप्टोत वेळेत उपचार मिळाले तर मूत्रपिंडं बहुतेक वेळा पुन्हा कामाला लागतात. तोवरचे काही दिवस निभावून नेण्यापुरतं ते यंत्र असतं. सही करण्याआधी एकच विचारा: हे अॅक्युट की क्रॉनिक?

आता गोळ्या. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे सगळ्यांना पाठ आहे. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस म्हणजे लागलं तरच. घोटाळा होतो आठवड्याच्या गोळीत. लेप्टो टाळण्यासाठी शेतात राबणाऱ्यांना देतात ती डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा असते, भरल्या पोटी, भरपूर पाण्याबरोबर. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालची मुलं यांनी ती घ्यायची नसते. त्याहून जपावं संधिवाताच्या मेथोट्रेक्सेटला. तीही आठवड्यातून एकदाच. रोजची समजून घेतली तर तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी घसरतात आणि जीवावर बेततं. पाकिटावर वार मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून घ्या, 'फक्त रविवार' असा. गोळीच्या नावापुढे 'एसआर', 'एक्सआर' किंवा 'ईआर' असेल तर ती हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. म्हाताऱ्या माणसाला गिळता येत नाही म्हणून ती कुटून दिली, तर दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. त्याऐवजी डॉक्टरांकडून पातळ औषध मागा.

आणि चाकरमानी आणतात त्या गोळ्यांच्या पिशवीबद्दल: ब्रँड दोन, आतलं औषध एकच, असं सर्रास असतं. तापाची ६५० ची गोळी आणि अंगदुखीची 'कॉम्बिनेशन' गोळी, दोन्हींत पॅरासिटामॉल असतं. मोठ्या माणसालाही दिवसाला ४ ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये, यकृताला मार बसतो. पाकिटावरची बारीक अक्षरातली ओळ वाचा, खरं नाव तिथे असतं. डॉक्टरांनी जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, असा मेडिकल कौन्सिलचा २०१६ सालचा नियम आहे. वाचता आलं नाही तर पुन्हा लिहून मागायला संकोच कसला!

शेवटी रेफरचा कागद, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुढे पाठवताना देतात ती चिठ्ठी. निदानाआधी प्रश्नचिन्ह असेल तर ती शंका आहे, निकाल नव्हे. 'के/सी/ओ' म्हणजे आधीपासून असलेला आजार. 'एनएडी' हा रोग नव्हे, काही वावगं आढळलं नाही एवढाच त्याचा अर्थ. घोणस किंवा फुरसं चावलेल्या माणसाच्या कागदावर तीन गोष्टी आहेत ना ते गाडी सुटण्याआधी बघा: चावल्याची वेळ, एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, किती बाटल्या दिल्या आणि शेवटची कधी, आणि काचेच्या कोरड्या नळीत २० मिनिटांनी रक्त गोठलं की नाही. या तीन ओळी नसल्या तर पुढच्या डॉक्टरांना सुरुवातीपासून विचारत बसावं लागतं, आणि तोवर पेशंटची वाचा गेलेली असू शकते. कागदाचा फोटो काढा, आणि मूळ कागद १०८ च्या गाडीत पेशंटजवळ बसणाऱ्याच्या हातात द्या, मागून मोटारसायकलने येणाऱ्याच्या खिशात नको.